इझनिक: राजधानीच्या सावलीतलं गाव

इस्तंबूलहून मार्मारा समुद्र ओलांडून दक्षिणेला उतरलं की यालोवा लागतं. तिथून डोंगर पार केला की सुमारे 32 किलोमीटर लांबीचं गोड्या पाण्याचं तळं दिसतं. त्याच्या पूर्व काठावर इझनिक आहे. बुर्सा प्रांतातलं हे तालुक्याचं गाव. आजूबाजूला ऑलिव्ह, द्राक्षं आणि पीचच्या बागा, तळ्यात मासेमारी. जुन्या गावाच्या एका वेशीतून आत शिरून समोरच्या वेशीतून बाहेर पडायला रमतगमत चाललं तरी अर्धा तास पुरतो.

एवढ्याशा गावाच्या नावावर काय काय जमा आहे बघा. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातली पहिली सार्वत्रिक परिषद इथे भरली, तेव्हा गावाचं नाव निकिया होतं. अनातोलियातल्या सेल्जुक तुर्कांची पहिली राजधानी इथे होती. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, साम्राज्याने 57 वर्षांचा वनवास इथूनच काढला. आणि जगभरच्या संग्रहालयांत जी निळी-लाल तुर्की तबकं आणि टाइल्स काचेमागे ठेवलेली असतात, त्या इथल्या भट्ट्यांतून निघाल्या.

हे सगळं एकाच ठिकाणी का, हे नकाशा बघितला की कळतं. आजचं इस्तंबूल, म्हणजे पूर्वीचं कॉन्स्टॅन्टिनोपल, इथून जवळ आहे, पण मध्ये समुद्र आहे. राजधानीत दंगा झाला, राजधानी शत्रूच्या हातात गेली किंवा राजवाड्याला काही घडवून हवं असलं की नजर इझनिककडे वळायची. गरज संपली की गाव विसरलं जायचं. या गावाचा इतिहास वाचताना सनावळ्या पाठ करण्याऐवजी एवढा एक धागा धरून ठेवला तरी पुरे.

चार वेशी आणि एक दगड

गाव वसवलं अलेक्झांडरचा सेनापती अँटिगोनस याने, इसवी सनपूर्व 316 च्या सुमारास. पुढे दुसरा सेनापती लायसिमॅकस याने ते जिंकलं आणि आपल्या बायकोचं, निकियाचं, नाव त्याला दिलं. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने गावाचं वर्णन अगदी मोजून-मापून केलं आहे: जागा सपाट, आकार चौरस, परीघ 16 स्टेडिया, चार वेशी, आणि रस्ते असे काटकोनात छेदलेले की व्यायामशाळेच्या मधोमध असलेल्या एका दगडावर उभं राहिलं तर चारही वेशी दिसतात.

तो दगड आता नाही, पण आखणी टिकली आहे. उत्तरेच्या इस्तंबूल वेशीपासून दक्षिणेच्या येनिशेहिर वेशीपर्यंत जाणारा अतातुर्क रस्ता, आणि पूर्वेच्या लेफ्के वेशीपासून पश्चिमेला तळ्याकडे जाणारा किलिचअर्सलान रस्ता, हे दोन्ही आजही गावाच्या मध्यावर एकमेकांना छेदतात. त्या चौकाला लागूनच आयासोफिया आहे, म्हणजे इझनिकचं जुनं चर्च, आताची मशीद. इस्तंबूलची ती वेगळी. चौकात उभं राहून चारही दिशांना बघितलं की 2300 वर्षांपूर्वीच्या आखणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळतं.

स्ट्रॅबोचे 16 स्टेडिया म्हणजे साधारण 3 किलोमीटर. आजचा तट मात्र जवळपास 5 किलोमीटरचा आहे. ही चूक नव्हे. आज दिसतो तो तट नंतरचा, तिसऱ्या शतकातला. 258 च्या सुमारास गॉथ टोळ्यांनी गाव लुटलं, मग घाईने नवा आणि मोठा तट बांधला गेला. सम्राट क्लॉडियस गॉथिकसच्या काळात, म्हणजे 268 ते 270 मध्ये, ते काम चालू होतं, असं वेशींवरच्या शिलालेखांवरून कळतं. वेशींच्या कमानी मात्र तटाच्या आधीच्या, पहिल्या शतकातल्या. त्या मुळात शोभेसाठी, सम्राटाच्या सन्मानार्थ उभारल्या होत्या. पुढे त्या संरक्षणाच्या भिंतीत गुंफल्या गेल्या. म्हणून लेफ्के वेशीत शिरताना एकामागून एक दरवाजे ओलांडावे लागतात आणि प्रत्येकाचा काळ वेगळा निघतो.

तट जवळून बघण्यासारखा आहे. दगडांचे थर आणि भाजलेल्या विटांचे पट्टे आलटून पालटून दिसतात. मधूनच एखादा कोरीव संगमरवरी तुकडा, खांबाचा गोल बूड किंवा शिलालेखाचा अर्धा भाग भिंतीत आडवा बसवलेला असतो. डागडुजी करणाऱ्यांनी जुन्या इमारतींचा मिळेल तो दगड उचलून लावला. बुरूज शंभराहून जास्त आहेत. बाहेरचा कमी उंचीचा दुसरा तट तेराव्या शतकातला. तो का बांधावा लागला ते पुढे येईल.

खचलेलं नाट्यगृह

गावाच्या नैऋत्य भागात रोमन नाट्यगृहाचे अवशेष आहेत. त्याचा कागदोपत्री इतिहास सार्वजनिक बांधकामात रस असलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. इसवी सन 111 च्या सुमारास या प्रांताचा कारभार धाकट्या प्लिनीकडे होता. त्याने सम्राट ट्राजनला पत्र लिहिलं: निकियाच्या नाट्यगृहावर एक कोटीहून जास्त सेस्टर्स (रोमन नाणी) खर्च झाल्याचं ऐकतो, काम अर्धवट आहे आणि बांधकाम खचून त्याला मोठ्या भेगा पडल्या आहेत. कारण एकतर जमीन ओलसर आणि मऊ असावी, किंवा दगडच ठिसूळ असावा. आता पुढे बांधायचं, सोडून द्यायचं की पाडायचं? शिवाय काही नागरिकांनी पदरच्या पैशाने सभोवार ओवऱ्या आणि वर सज्जा बांधून देण्याचं कबूल केलं होतं. मूळ इमारतच पुरी होईना, म्हणून तेही अडून बसलं होतं.

ग्रीक पद्धतीत नाट्यगृह डोंगरउतारावर कोरतात, म्हणजे बसायच्या पायऱ्यांचा भार डोंगरच उचलतो. निकियात तळ्याकाठची सपाट जमीन. त्यामुळे पायऱ्यांखाली दगडी कमानींच्या पोकळ्या बांधून कृत्रिम उतार तयार करावा लागला. असा प्रचंड भार भूजल वर असलेल्या मातीवर टाकला की पाया सगळीकडे सारखा बसत नाही. एक बाजू जास्त खचते आणि कमानी फाटतात. प्लिनीने राजधानीतून वास्तुतज्ज्ञ मागितला होता. ट्राजनचं उत्तर थोडक्यात असं: तू जागेवर आहेस, तूच ठरव, आणि कसबी माणूस नाही असा प्रांत नसतो. त्या पोकळ कमानी आजही बघता येतात. नाट्यगृह पाहायचं ते त्यांच्यासाठी, बसायच्या जागा फारशा उरलेल्या नाहीत.

दोन परिषदा

चौथ्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांड्रियातला धर्मगुरू एरियस सांगू लागला की येशू हा देवाचा पुत्र असला तरी तो देवाने निर्माण केलेला आहे, म्हणजे पित्याच्या बरोबरीचा नाही. विरोधकांचं म्हणणं होतं की तसं असेल तर आपण निर्मिलेल्या एका जिवाची पूजा करतो असं होईल. भांडण रस्त्यावर आलं. सम्राट कॉन्स्टंटाइनला एकसंध साम्राज्य हवं होतं, त्यासाठी एकसंध चर्च हवं होतं. परिषद आधी अंकाराला भरायची होती. त्याने ती निकियाला हलवली. कारणं रोकडी होती: पश्चिमेकडून येणाऱ्या बिशपांना सोयीचं, हवा चांगली, आणि त्याचा दरबार जवळच निकोमीडियात, आजच्या इझमितला, असल्यामुळे त्याला स्वतःला हजर राहता येणार होतं.

325 च्या उन्हाळ्यात सुमारे 300 बिशप जमले. परंपरेने आकडा 318 सांगतात. पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे असा ठराव झाला, एरियस हद्दपार झाला, ईस्टर सगळीकडे एकाच दिवशी पाळण्याचं ठरलं आणि शिस्तीचे 20 नियम झाले. त्या ठरावाचा मजकूर 381 मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेत वाढवला गेला. वसईच्या चर्चमध्ये मिस्साच्या वेळी मराठीतून म्हटला जाणारा निकियाचा विश्वासांगीकार त्याच परंपरेतला. बायबलमध्ये कोणती पुस्तकं घ्यायची हे निकियात ठरलं, असं सर्रास ऐकायला मिळतं. त्या 20 नियमांत तसा एकही नियम नाही.

पाहायला जाणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. ही परिषद आयासोफियात भरली नव्हती. ती सम्राटाच्या राजवाड्यात भरली, आणि तो राजवाडा आज उभा नाही. आयासोफियात भरली ती दुसरी परिषद, 787 ची. तिचा विषय धर्मचित्रं पूजावीत की फोडावीत हा. सम्राज्ञी आयरीनने ही परिषद 786 मध्ये राजधानीतच बोलावली होती. पण चित्रविरोधी सैनिकांनी हत्यारं घेऊन चर्चमध्ये घुसून ती उधळली. आयरीनने मोहिमेचं निमित्त करून त्या तुकड्या राजधानीबाहेर काढल्या, बरखास्त केल्या आणि पुढच्या वर्षी परिषद निकियात घेतली. राजधानीपासून हाकेच्या अंतरावर, पण राजधानीच्या सैन्यापासून दूर. सात बैठका इथे झाल्या आणि शेवटची विजयाची बैठक कॉन्स्टॅन्टिनोपलच्या राजवाड्यात. समारोपाचा मान राजधानीकडेच!

आयासोफियात शिरताना रस्त्यावरून खाली उतरावं लागतं, कारण शतकानुशतकं भोवतालची जमीन भरत गेली. आत गेल्यावर पूर्वेच्या अर्धवर्तुळाकार भागात धर्मगुरूंनी बसायच्या दगडी पायऱ्या दिसतात. जमिनीवर मोझेकचा तुकडा आहे, भिंतीवर फिकट झालेलं चित्र आहे. 1331 मध्ये ऑटोमन सुलतान ओर्हानने या चर्चची मशीद केली, आग लागल्यावर सोळाव्या शतकात वास्तुकार सिनानच्या हातून दुरुस्ती झाली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तुर्क-ग्रीक युद्धानंतर नुसत्या भिंती उरल्या, मग संग्रहालय झालं आणि 2011 पासून पुन्हा नमाज होते. म्हणून डोकं झाकायला ओढणी जवळ ठेवावी आणि शुक्रवारची दुपार टाळावी.

तळ्यातलं चर्च मात्र अलीकडची भर. 2014 मध्ये हवाई छायाचित्रं तपासताना काठापासून थोड्या अंतरावर, उथळ पाण्याखाली, एका बॅसिलिकाचा आराखडा दिसला. बांधकाम चौथ्या-पाचव्या शतकातलं मानलं जातं आणि त्याची पडझड 740 च्या भूकंपाशी जोडली जाते. उत्तर अनातोलियाच्या भूकंपरेषेची एक शाखा या तळ्याच्या दक्षिण अंगाने जाते, त्यामुळे इथल्या जवळपास प्रत्येक जुन्या इमारतीच्या चरित्रात एखादा भूकंप असतोच. गेल्या काही वर्षांत तळ्याची पातळी बरीच घटली आणि जे पाण्याखाली होतं ते उघडं पडलं. 28 नोव्हेंबर 2025 रोजी, पहिल्या परिषदेला 1700 वर्षं झाली म्हणून, पोप लिओ चौदावे आणि कॉन्स्टॅन्टिनोपलचे पॅट्रिआर्क, म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, बार्थोलोम्यू यांनी या अवशेषांपाशी प्रार्थना केली. परिषद याच जागी झाली असं कोणी ठासून सांगितलं, तर मान डोलवावी आणि पुढे जावं.

गाड्यांवरून आलेल्या होड्या

अकराव्या शतकाच्या शेवटी सुलेमान या सेल्जुक सरदाराने निकिया घेतलं आणि तिथे राजधानी केली. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या दारातच शत्रूची राजधानी! पहिल्या क्रूसेडचं, म्हणजे जेरुसलेम घ्यायला निघालेल्या युरोपीय ख्रिस्ती लोकांचं, सैन्य 1097 मध्ये आशियात उतरलं तेव्हा बायझंटाइन सम्राट अलेक्सिऑसने त्यांना सगळ्यात आधी इथेच आणलं.

वेढा मे महिन्याच्या मध्याला पडला. सुलतान किलिच अर्सलान पूर्वेला मलात्याकडे गुंतला होता, बायकामुलं गावात होती. तो परत आला, लढला आणि मागे हटला. तरी गाव पडेना. पडणार तरी कसं? वेढा तीनच बाजूंनी होता. पश्चिमेचा तट थेट तळ्यावर, आणि रात्री होड्यांतून धान्य, माणसं, निरोप बिनधास्त ये-जा करत. दरम्यान दक्षिणेच्या बाजूला सुरुंग लावण्याचा प्रयोग झाला. तेव्हाचा सुरुंग दारूचा नव्हे. बुरुजाच्या पायाखाली माती आणि दगड उपसत जायचं, वरचा भार लाकडी धिऱ्यांवर तोलून धरायचा, मग धिऱ्यांभोवती सरपण रचून पेटवून द्यायचं. धिरे जळाले की बुरूज खाली बसतो. बुरूज बसलाही, पण रात्र पडताना. अंधारात हल्ला करता येईना, आणि सकाळपर्यंत आतल्यांनी दगड रचून खिंडार बुजवलं.

शेवटी अलेक्सिऑसने समुद्रकाठच्या किओसहून, आजच्या गेमलिकहून, होड्या बैलगाड्यांवर लादून तळ्यापर्यंत आणवल्या. त्यांत शिपाई थोडे आणि निशाणं, नगारे, तुताऱ्या गरजेपेक्षा जास्त, म्हणजे लांबून मोठं आरमार वाटावं. पाण्याची वाट बंद झाली आणि गावकऱ्यांनी बोलणी सुरू केली, पण ती क्रूसेडवाल्यांशी नव्हे, सम्राटाच्या माणसांशी. 19 जूनच्या सकाळी क्रूसेडचं सैन्य चढाईला सज्ज झालं, तर तटावर बायझंटाइन निशाणं फडकत होती. लूट हातची गेली. वर गावात जायचं तर एका वेळी दहाच जणांनी, असा हुकूम. पुढे क्रूसेडवाले आणि बायझंटाइन यांच्यात जो अविश्वास वाढत गेला, त्यात या सकाळचा वाटा मोठा आहे.

राजधानी परक्या हातात

1204 मध्ये चौथ्या क्रूसेडने चक्क कॉन्स्टॅन्टिनोपलच लुटलं आणि बळकावलं. पळून आलेल्या थिओडोर लास्कारिसने निकियात बस्तान बसवलं. 1208 मध्ये इथे नवा पॅट्रिआर्क निवडला गेला आणि त्याच्या हातून थिओडोरने राज्याभिषेक करवून घेतला. बाहेरचा दुसरा तट या राजवटीतला. जे मोठ्या राजधानीत झालं ते इथे होऊ नये म्हणून केलेली ती तजवीज.

या राजवटीतला सगळ्यात हुशार माणूस म्हणजे तिसरा जॉन वटाट्झेस, 1222 ते 1254. त्याने परदेशी चैनीच्या कापडावर बंदी घातली, शेती आणि पशुपालनावर भर दिला. दरबारी शेतावरच्या कोंबड्यांची अंडी विकून जमलेल्या पैशातून त्याने राणीसाठी मुकुट घडवला आणि त्याला ‘अंड्यांचा मुकुट’ म्हणत, असं बायझंटाइन इतिहासकार नोंदवतात. अर्थखात्याच्या इतिहासात ही गोष्ट अजून का सांगितली जात नाही, कोण जाणे.

जुलै 1261 मध्ये निकियाच्या सैन्याने कॉन्स्टॅन्टिनोपल परत मिळवलं. दरबार, पॅट्रिआर्क आणि तिजोरी सगळं तिकडे गेलं. पैसा पश्चिमेच्या शत्रूंना थोपवण्यात खर्च होऊ लागला आणि पूर्वेच्या सरहद्दीचे राखणदार पगाराविना राहिले. त्याच सरहद्दीपलीकडे उस्मान नावाचा एक सरदार वाढत होता, ऑटोमन घराण्याला नाव मिळालं ते याच्यावरून. त्याचा मुलगा ओर्हान याने 1329 मध्ये सम्राटाचा पराभव केला आणि 2 मार्च 1331 ला उपासमारीने थकलेलं निकिया त्याच्या हातात आलं. मुक्त झालेल्या राजधानीनेच आपल्या जुन्या आसऱ्याचा बळी दिला, असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर थोड्याच काळात इब्न बतुता इथे येऊन गेला. पुढे दिल्ली, दौलताबाद आणि गोव्यापर्यंत पोचलेला तोच हा प्रवासी. त्याने लिहिलं की तट, खंदक आणि फळबागा भरपूर आहेत, पण गाव ओस पडलं आहे. सुलतानाची थोडी माणसं आणि ओर्हानची बेगम एवढीच वस्ती.

सुरुवातीच्या ऑटोमन इमारती त्यामुळे रिकाम्या गावात उभ्या राहिल्या. हाजी ओझबेक मशीद, 1333-34, ही शिलालेखावर साल असलेली सगळ्यात जुनी ऑटोमन मशीद. एक खोली, एक घुमट, इतकीच. पुढची ओवरी रस्ता रुंद करताना पाडली गेली. लेफ्के वेशीजवळची येशिल मशीद 1378 ते 1392 मधली. तिच्या मिनारावरच्या हिरव्या-निळ्या नागमोडी टाइल्स बघून लोक हीच ती इझनिकची प्रसिद्ध कला समजतात. तसं नाही. प्रसिद्ध टाइल्स त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी आल्या, आणि मिनारावरच्या बऱ्याच टाइल्स नंतर बदललेल्या आहेत. समोरची निल्युफर हातुनची धर्मशाळा-अन्नछत्र, 1388, सध्या संग्रहालयाची इमारत आहे.

गारगोटीची भांडी

पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इझनिकचे कुंभार साध्या तांबड्या मातीची भांडी करत. 1480 च्या आसपास एकदम पांढऱ्या अंगाची, निळ्या नक्षीची भांडी निघू लागली. इस्तंबूलच्या राजवाड्यात चिनी पोर्सेलीन येत होतं आणि तसं काहीतरी घरात हवं होतं. पोर्सेलीनला लागणारी माती इथे नव्हती, तेवढी तापणारी भट्टीही नव्हती. कुंभारांनी तोडगा काढला तो असा की मातीऐवजी गारगोटीचंच भांडं करायचं.

कृती इराणकडून आलेली. काशानच्या अबुल कासिमने 1301 मध्ये ती लिहून ठेवली आहे: दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचभुकटी, एक भाग पांढरी चिकणमाती. काचभुकटी म्हणजे वाळू आणि क्षार एकत्र वितळवून पाण्यात ओतून तडकवलेली काच, मग दळलेली. इझनिकवाल्यांनी या काचेत शिसंही घातलं, त्यामुळे भट्टी सुमारे 900 अंशांवर असतानाच गारगोटीचे कण एकमेकांना चिकटू लागतात. पोर्सेलीनला याहून कितीतरी जास्त उष्णता लागते.

अडचण अशी की गारगोटीच्या पुडीला चिवटपणा नसतो. चाकावर ओढायला गेलं की कड फाटते. त्यामुळे टाइल साच्यात दाबून आणि तबकं साच्यावर थापून करतात. सुकवणी सावलीत, सावकाश. एक बाजू आधी सुकली की टाइल वाकते आणि मग ती भिंतीत बसत नाही. त्यावर आणखी बारीक, आणखी शुद्ध गारगोटीचा पांढरा लेप देतात. रंगांची झळाळी या लेपामुळे येते.

नक्षी राजवाड्याच्या चित्रशाळेतून कागदावर यायची. रेषांवर सुईने भोकं पाडलेला कागद टाइलवर ठेवायचा आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. रांगोळीच्या ठिपक्यांच्या कागदाचं तंत्र तेच. कोळशाच्या ठिपक्यांवरून काळी बाह्यरेषा ओढतात. गाढवाच्या केसांचा कुंचला त्यासाठी चांगला, कारण केस ताठ असतो आणि पाणी धरून ठेवतो. कोळसा भट्टीत जळून जातो. मग आतले रंग भरायचे आणि वरून शिसं, सोडा, गारगोटी आणि थोडं कथील यांची झिलई द्यायची. रंग झिलईच्या खाली असतात, म्हणून चारशे वर्षांनीही पुसले जात नाहीत.

कोबाल्ट निळा देतो, पण जास्त पडला की झिलईत पसरतो. तांबं क्षारयुक्त झिलईत फिरोजी होतं, शिसं वाढवलं की हिरव्याकडे झुकतं. सगळ्यात अवघड लाल. 1557 मध्ये पूर्ण झालेल्या सुलेमानिये मशिदीत तो पहिल्यांदा दिसतो. हा गेरूच्या जातीच्या लोहयुक्त मातीचा रंग. लोह वितळलेल्या शिसेदार झिलईत विरघळतं, आणि विरघळलं की लाल जाऊन तपकिरी-पिवळट डाग उरतो. म्हणून ही माती गारगोटीच्या पुडीत मिसळून जाड थरात लावत, म्हणजे वरचा भाग विरघळला तरी आतला टिकतो. खऱ्या टाइलवर लाल पाकळीवरून बोट फिरवलं तर ती किंचित उंच लागते ती यामुळे.

झिलईचं आणि अंगाचं आकुंचन जुळवणं ही दुसरी कसोटी. भट्टी थंड होताना दोन्ही आकसतात. झिलई जास्त आकसली तर तिच्यावर बारीक चिरांचं जाळं पडतं, कमी आकसली तर कडेने कपचे उडतात. गारगोटी तापल्यावर बरीच प्रसरण पावते, त्यामुळे मातीच्या भांड्याची झिलई तिच्यावर चालत नाही. सोळाव्या शतकातल्या कारागिरांनी हे प्रमाण तापमापकाशिवाय साधलं होतं. सतराव्या शतकातल्या तुकड्यांत ते बिघडताना दिसतं: लाल तपकिरी पडतो, हिरवा रेषेबाहेर ओघळतो, पांढरा मळकट होतो.

का बिघडलं? हात विसरले म्हणून नव्हे. राजवाडा टाइलचा भाव ठरवून देई, आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी नाण्यातली चांदी कमी होऊन महागाई भडकली तरी तो भाव हलेना. कारागीर बाहेरच्या व्यापाऱ्यांना माल विकू लागले, तर आधी राजवाड्याचं काम करा असे हुकूम सुटले. 1609 ते 1616 मध्ये बांधलेल्या सुलतानअहमत मशिदीला वीस हजारांवर टाइल्स लागल्या. त्यानंतर एवढं मोठं काम आलं नाही. प्रवासी एवलिया चेलेबी 1648 मध्ये आला तेव्हा पूर्वीच्या 300 कारखान्यांपैकी नऊ उरल्याचं लिहून गेला. त्याचे आकडे सढळ असतात, पण उतार खरा होता. 1719 मध्ये वजीर दामाद इब्राहिम पाशाने टाइलचा कारखाना काढला तो इस्तंबूलमध्येच, तेकफुर राजवाड्याच्या आवारात, इझनिकच्या कारागिरांना तिकडे नेऊन.

गावाचं नावही पुसलं गेलं. एकोणिसाव्या शतकातले युरोपीय संग्राहक लाल रंगाच्या भांड्यांना ऱ्होड्सची आणि जांभळट छटेच्या भांड्यांना दमास्कसची म्हणत. 1960 च्या दशकापासून गावात उत्खनन झालं, भट्ट्या, बिघडलेला माल आणि भांडी अलग ठेवायच्या तिवया सापडल्या, तेव्हा हे सगळे प्रकार इथलेच हे पक्कं झालं.

जायचं असेल तर

इस्तंबूलच्या येनीकापीहून यालोवाला जलद बोट आहे, सव्वा तासाच्या आसपास. यालोवाहून इझनिकची मिनीबस साधारण तासाभरात पोचते. बुर्साच्या बस स्थानकावरूनही मिनीबस सुटतात, त्यांना दीड तास धरा. उतरल्या उतरल्या परतीची शेवटची गाडी किती वाजता ते विचारून ठेवा, संध्याकाळी गाड्या लवकर बंद होतात. भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो तो अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा किंवा रहिवास परवाना असेल तरच. नाहीतर आधी रीतसर अर्ज करावा लागतो. नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी बघून घ्या.

चालायचा क्रम इस्तंबूल वेशीपासून सोपा पडतो. तिथे आतल्या बाजूला दगडी मुखवटे आहेत, ते चुकवू नका. तिथून सरळ आयासोफिया, जवळच मुराद दुसऱ्याच्या हमामाशेजारचं भट्ट्यांचं उत्खनन, मग पूर्वेला वळून हाजी ओझबेक, येशिल मशीद, लेफ्के वेस. परत येऊन नैऋत्येला नाट्यगृह आणि शेवटी तळं. तळ्याकाठी यायिन नावाचा मोठा मासा शिगेवर भाजून मिळतो.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: जुन्या उत्तम इझनिक टाइल्स इझनिकमध्ये फारशा नाहीत. माल राजधानीसाठीच होता. त्या पाहायच्या तर इस्तंबूलच्या रुस्तेम पाशा मशिदीत. गावातल्या दुकानांत मिळतो तो नवा माल, आणि ‘इझनिक’ म्हणून विकलेलं बरंचसं कुताह्या या दुसऱ्या तुर्की शहरातल्या साध्या मातीवरचं छापील काम असतं. टाइल उलटी करून बिनझिलईची बाजू बघा: गारगोटीची असेल तर पांढरी आणि रवाळ लागते, मातीची असेल तर पिवळट-गुलाबी आणि गुळगुळीत. बाह्यरेषेची जाडी सगळीकडे तंतोतंत सारखी असेल तर ती हाताची नव्हे. लाल रंग उंच लागतो का ते बोटाने तपासा. गारगोटीची टाइल मातीच्या टाइलच्या कित्येक पट महाग असते, आणि तसं कारण आहे. तबक घेतलंत तर ते जेवणासाठी चालेल का हे स्पष्ट विचारा. शोभेच्या तबकांच्या झिलईत शिसं असू शकतं, आणि लिंबू-चिंचेच्या आंबटाने ते सुटतं.

तटाजवळच्या नांगरलेल्या शेतात जुन्या भांड्यांच्या खापऱ्या पायाखाली येतात. त्या उचलून खिशात टाकू नका. तुर्कस्तानच्या 1983 च्या पुरातत्त्व कायद्यानुसार अशी वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, तुकडा केवढाही असो, आणि विमानतळावर सामान तपासताना तो एक्स-रेमध्ये दिसतो.